प्रस्थान आणि प्रमाण : ध्रुवीय सफरवृत्तांतांतील एका प्रकरणाचा विचार

१

मराठीत ‘प्रस्थान ठेवणे’ असा एक जुना वाक्प्रचार आहे. मुहूर्त तर साधावयाचा, पण त्या घटकेला प्रत्यक्ष निघणे जमत नाही, अशा वेळी प्रवासाला निघणारा आपले एखादे वस्त्र, सुपारी, मूठभर तांदूळ असे काही दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवीत असे. मुहूर्तावर वस्तू निघे. माणूस सवडीने निघे. निघणे या क्रियेचे दोन भाग पडतात, एक संकेताचा आणि दुसरा देहाचा, ही जाण या वाक्प्रचारात आहे. उत्तरेकडील बर्फाळ समुद्रांत गेलेल्या शास्त्रीय सफरींचे वृत्तांत वाचताना तिचा उपयोग होतो. या वृत्तांतांतील प्रस्थानाच्या प्रकरणातही निघण्याचे असेच भाग पडलेले दिसतात. त्या भागांमधील अंतर लेखकाने कसे हाताळले आहे, यावर त्या वृत्तांताचे वाङ्मयीन मूल्य बऱ्याच अंशी अवलंबून असते.

प्रवासलेखनाच्या समीक्षेत या प्रकरणाकडे सहसा दुर्लक्ष होते. जहाजाची बांधणी, शिधासामग्रीच्या याद्या, आश्रयदात्यांचे आभार आणि बंदरावरील गर्दी यांनी भरलेली ही पाने वाचक घाईने उलटतो. अंधार, उपासमार, अस्वले आणि बर्फाचा दाब हीच खरी सामग्री मानली जाते. परंतु शास्त्रीय सफरीचे इतर सफरींहून असलेले वेगळेपण याच पानांत ठरत असते. व्यापारी मालासाठी निघतो, यात्रेकरू दर्शनासाठी निघतो. आपण कोठे जात आहोत हे दोघांनाही ठाऊक असते. शास्त्रीय सफरीला निघणारा एक गृहीतक घेऊन निघतो आणि ते खरे की खोटे हे ठरविण्यासाठीच त्याला जावयाचे असते. ते खोटे ठरले तरी ज्ञानाच्या दृष्टीने ती प्राप्तीच असते. जहाजावरील माणसांच्या दृष्टीने मात्र ते मरण असू शकते. प्रस्थानाच्या क्षणी एक विधान, जे तोवर कागदावर होते, ते माणसांच्या देहांवर ठेवले जाते.

हे ठेवणे लेखकाने कसे लिहिले, कोणाला उद्देशून लिहिले आणि त्यात कोणाचा आवाज ऐकू येत नाही, असे तीन प्रश्न या प्रकरणाला विचारता येतात. पुढील विवेचन तीन संहितांच्या आधारे केले आहे : एक कादंबरी, एक मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेली रोजनिशी आणि परत आलेल्या एका शास्त्रज्ञाने लिहिलेला ग्रंथ. तिन्ही संहितांत मागे राहिलेली एक स्त्री आहे. हा योगायोग मानण्याचे कारण नाही. प्रस्थानाचे लेखन कोणाला तरी उद्देशून असते आणि तो ‘कोणी तरी’ नेहमी किनाऱ्यावर असतो.

२

मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी १ जानेवारी १८१८ रोजी प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीच्या वसंतात जॉन रॉस आणि डेव्हिड बुकन यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश नौदलाची चार जहाजे उत्तरेकडे निघाली. रॉस वायव्य मार्गाच्या शोधात आणि बुकन थेट ध्रुवाच्या दिशेने. कादंबरी त्यांच्या काही महिने आधी आली. उत्तरेकडील सफरींविषयीची जी उत्सुकता त्या काळच्या इंग्लंडात वाढत होती, तिचे अंतरंग मेरी शेली यांनी प्रत्यक्ष प्रस्थानापूर्वीच तपासले होते, असे म्हणता येईल.

कादंबरीचा आरंभ रॉबर्ट वॉल्टन याच्या चार पत्रांनी होतो. ती त्याने इंग्लंडातील आपल्या बहिणीला, मार्गारेट सॅव्हिल हिला, लिहिलेली आहेत. पहिले पत्र सेंट पीटर्सबर्गहून डिसेंबरात, दुसरे आर्खांगेल्स्कहून मार्चमध्ये, तिसरे जुलैत समुद्रावरून आणि चौथे ऑगस्टमध्ये बर्फातून लिहिलेले आहे. वॉल्टनचा पूर्वेतिहास लक्षणीय आहे. लहानपणी त्याने काकाच्या ग्रंथसंग्रहातील सफरींचे वृत्तांत वाचले. मरणासन्न वडिलांनी त्याला समुद्रावर जाण्यास मनाई केली होती. मध्यंतरी वर्षभर तो कवी होता आणि कवी म्हणून अयशस्वी ठरला. म्हणजे त्याचे गृहीतक वाचनातून, मनाईतून आणि फसलेल्या कवितेतून आलेले आहे. ध्रुवापाशी बर्फ संपून सूर्य कधी न मावळणारा सौम्य प्रदेश असेल, चुंबकसूचीला ओढणाऱ्या शक्तीचे रहस्य तेथे सापडेल आणि दूरच्या देशांना जाण्याचा जवळचा मार्ग खुला होईल, अशी त्याची अपेक्षा आहे. यांतली कोणती अपेक्षा शास्त्राची आणि कोणती स्वप्नाची, हे त्याला वेगळे करता येत नाही.

या पत्रांतील प्रस्थान कोठे घडते? पहिली दोन पत्रे जमिनीवरची आहेत. वॉल्टनने मनाने प्रस्थान ठेवलेले आहे; देह जहाजाची आणि खलाशांची जुळवाजुळव करीत बंदरात थांबला आहे. तिसरे पत्र परतीच्या वाटेवरील एका व्यापारी जहाजाबरोबर धाडलेले आहे. त्यानंतर जे लिहिले जाते ते टपालात टाकण्याची सोय उरत नाही. पत्र हे रूप टिकून राहते, संबोधन टिकून राहते, पण पत्राची रोजनिशी होते. खरे प्रस्थान या ठिकाणी आहे. ज्या घटकेपासून मागे राहिलेल्या व्यक्तीपर्यंत शब्द पोचण्याची शाश्वती संपते, त्या घटकेला वॉल्टन खऱ्या अर्थाने निघतो. कादंबरीने हे विधानरूपाने कोठेही सांगितलेले नाही. रूपातील बदलातून ते सूचित होते.

वॉल्टनकडे केवळ मुख्य कथेची चौकट म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. तो अपुरा आहे. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन आपला प्रयोग एकांतात करतो. ‘नको’ म्हणू शकेल असे कोणीही त्याच्या खोलीत नसते. वॉल्टनचा प्रयोग मात्र जहाजावर आहे आणि जहाजावर खलाशी आहेत. बर्फाने जहाज कोंडले गेले, तेव्हा या सर्वांचे प्राण आपल्यामुळे संकटात आले आहेत याची जाणीव त्याला होते. पुढे खलाशी मागणी करतात की वाट मोकळी झाली तर जहाज दक्षिणेकडे वळवावे. त्या वेळी त्यांना धीराच्या नावाने धिक्कारणारा माणूस फ्रँकेन्स्टाइन आहे. गृहीतकाची किंमत ज्याने सर्वांत अधिक पाहिली, तोच इतरांना पुढे जावयास सांगतो. वॉल्टन परत फिरतो, पण कडवटपणाने, स्वतःला अपमानित समजून. परतण्याचा निर्णय शहाणपणाचा होता असे लेखिका त्याच्या तोंडून वदवून घेत नाही. ज्याने इतरांना बरोबर नेले त्याला ‘नको’ ऐकता आले पाहिजे, एवढेच कादंबरीची रचना दाखविते. ऐकणाऱ्याच्या मनाचे समाधान होते की नाही हा प्रश्न ती उघडा ठेवते.

मार्गारेटचे उत्तर कादंबरीत कोठेही नाही. सगळी संहिता तिच्या हाती पोचली आहे असे मानल्याखेरीज वाचकाच्याही हाती ती येऊ शकत नाही. तरी तिचा एक शब्दही ऐकू येत नाही. समीक्षकांनी दाखवून दिले आहे की मार्गारेट वॉल्टन सॅव्हिल या नावाची आद्याक्षरे आणि मेरी वॉल्स्टनक्राफ्ट शेली या नावाची आद्याक्षरे एकच आहेत. किनाऱ्यावर बसून वाचणारी आणि सर्व काही लिहिणारी एकच आहे, अशी ही खूण मानता येईल.

३

कादंबरीत मागे राहिलेली स्त्री अदृश्य संपादिका आहे. ‘जेनेट’ या जहाजाच्या बाबतीत ती प्रत्यक्षातच संपादिका झाली. जॉर्ज डी लाँग या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली ३३ माणसांना घेऊन ‘जेनेट’ ८ जुलै १८७९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले. या सफरीमागचे गृहीतक वॉल्टनच्या स्वप्नापासून फार दूरचे नव्हते. पॅसिफिकमधील उष्ण प्रवाह बेरिंगच्या सामुद्रधुनीतून उत्तरेकडे जातो आणि बर्फाच्या कड्यापलीकडे जहाजाला मोकळे पाणी मिळेल, असे मत तेव्हा भूगोलाच्या अभ्यासकांत मान्यता मिळवून होते. डी लाँगची पत्नी एमा काही अंतरापर्यंत जहाजावर होती; मग ती किनाऱ्याकडे परतली.

गृहीतक चुकीचे ठरले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जहाज बर्फात अडकले, जवळजवळ दोन वर्षे बर्फाबरोबर वाहत गेले आणि १३ जून १८८१ रोजी नव-सायबेरियन बेटांच्या उत्तरेस चिरडून बुडाले. ३३ पैकी २० माणसे मरण पावली. त्यांतील बरीच लेना नदीच्या मुखापाशी भुकेने आणि थंडीने गेली. डी लाँग त्यांपैकीच एक होता. त्याच्या देहाजवळ सापडलेल्या रोजनिशीच्या शेवटच्या नोंदी म्हणजे कोण केव्हा गेले याची अधिकाधिक तुटक होत गेलेली यादी आहे. १८८३ मध्ये या रोजनिशा ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या आणि त्यांचे संपादन एमा डी लाँग यांनी केले.

या संहितेतील प्रस्थान वाचताना वाचकाला दोन काळांत एकाच वेळी उभे राहावे लागते. रोजनिशी लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक नाही. ती छापावयास देणाऱ्या संपादिकेला तो ठाऊक आहे. निघण्याच्या दिवसाची प्रत्येक साधी नोंद, कोळसा, दाणागोटा, वाऱ्याची दिशा, तिच्या हातून जाताना काही वेगळीच होते. एरवी निघणारा लिहितो आणि राहणारी वाचते. येथे ज्याने लिहिले तो उरला नाही आणि जिच्यासाठी लिहिले तिला ते जगापुढे मांडावे लागले. ‘जेनेट’च्या वृत्तांताची शोकात्मता मृत्यूंच्या संख्येत जितकी आहे, तितकीच या उलटापालटीत आहे.

परंतु ‘जेनेट’चा प्रवास बुडण्याने संपला नाही. १८८४ मध्ये, म्हणजे जहाज बुडाल्यावर तीन वर्षांनी, ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर युलिआनेहोब या वसाहतीजवळ एका हिमखंडावर काही वस्तू सापडल्या. त्यांत डी लाँगच्या सहीची शिध्याची यादी होती आणि एका खलाशाचे नाव असलेली तेलकापडी विजार होती. या वस्तू खरोखरच ‘जेनेट’च्या आहेत काय, अशी शंका काहींनी घेतली. नॉर्वेचे हवामानशास्त्रज्ञ हेन्रिक मोन यांनी मात्र त्यांतून निष्कर्ष काढला की सायबेरियाच्या उत्तरेकडून ध्रुवप्रदेश ओलांडून ग्रीनलंडकडे येणारा प्रवाह असला पाहिजे. मोन यांचा लेख फ्रित्योफ नान्सेन या तेवीस वर्षांच्या प्राणिशास्त्राच्या अभ्यासकाने वाचला.

‘प्रस्थान ठेवणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ येथे विलक्षण रीतीने उलटतो. रूढीत वस्तू आधी जाते आणि माणूस मागून जातो. येथे माणसे वाटेत राहिली आणि त्यांचे वस्त्र ध्रुवसमुद्र पार करून पुढे गेले. एका सफरीचा विनाश दुसऱ्या सफरीचे प्रमाण ठरला. ज्ञानाच्या इतिहासात असे वारंवार घडते. पण ते घडताना त्या विजारीवर नाव होते ही गोष्ट सहसा गळून जाते. नान्सेन यांनी ती गाळली नाही. त्यांच्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात सापडलेल्या वस्तूंचा उल्लेख येतो तो नावासह येतो.

४

नान्सेन यांचा ‘फ्राम’च्या सफरीवरील दोन खंडांचा ग्रंथ १८९७ मध्ये नॉर्वेजियनमध्ये आणि त्याच वर्षी ‘फार्दस्ट नॉर्थ’ या नावाने इंग्रजीत आला. त्याची आरंभीची रचना पाहण्यासारखी आहे. पहिले प्रकरण प्रास्ताविकाचे, दुसरे तयारीचे, तिसरे निघण्याचे आणि चौथे नॉर्वेच्या निरोपाचे. पहिल्या प्रकरणात पूर्वीच्या सफरींचा आढावा, ‘जेनेट’चे अवशेष, सायबेरियातून ग्रीनलंडला वाहत येणारी लाकडे, त्यांवरून बांधलेला तर्क आणि त्या तर्कावर घेतले गेलेले आक्षेप येतात. नोव्हेंबर १८९२ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीपुढे ही योजना मांडली गेली, तेव्हा उत्तरेचा अनुभव असलेल्या ज्येष्ठांनी तिच्याविषयी गंभीर शंका व्यक्त केल्या होत्या. बर्फात मुद्दाम जहाज कोंडून घ्यावयाचे ही कल्पनाच त्यांना अनर्थाची वाटत होती. नान्सेन हे आक्षेप विस्ताराने देतात. भारतीय शास्त्रग्रंथांतील पूर्वपक्षाची ही रीत आहे. फरक एवढाच की येथे उत्तरपक्ष युक्तिवादाने दिलेला नाही, जहाजाच्या आकाराने दिला आहे. कॉलिन आर्चर यांनी बांधलेल्या ‘फ्राम’ची कूस गोलसर होती, बर्फाने दाबले तर जहाज चिरडले न जाता वर उचलले जावे अशी ती योजना होती. तयारीच्या प्रकरणातील मापे आणि लाकडांचे थर रुक्ष वाटतात ते हा संदर्भ सुटल्यामुळे. ती मापे हा युक्तिवादाचाच भाग आहे.

मग तिसरे प्रकरण येते आणि लेखनाचा सूर एकदम बदलतो. २४ जून १८९३, क्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो. उत्तर युरोपात हा उन्हाळ्याच्या ऐन भराचा सण. पण दिवस करडा आणि मलूल आहे. नान्सेन घराबाहेर पडून बागेतून खाडीकडे उतरतात. खिडकीत सहा महिन्यांची लीव्ह ही त्यांची मुलगी टाळ्या पिटत बसलेली आहे. आदल्या प्रकरणात ज्याच्या प्रत्येक वाक्यामागे आकडा होता, त्या लेखकापाशी या ठिकाणी आकडा नाही.

कथनशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे ‘अनुभवणारा मी’ आणि ‘सांगणारा मी’ यांत तीन वर्षांचे अंतर आहे. सांगणाऱ्याला सर्व काही ठाऊक आहे : गृहीतक खरे ठरले, जहाज टिकले, तेराही माणसे जिवंत परतली. विजयानंतर लिहिणाऱ्या लेखकाला प्रस्थानाच्या दिवसावर त्या विजयाचा प्रकाश टाकणे सोपे असते आणि असंख्य सफरवृत्तांतांत तो टाकलेला असतो. नान्सेन तो टाकीत नाहीत. निघण्याच्या दिवशीचे मळभ ते तसेच राहू देतात. गृहीतक त्या दिवशी केवळ गृहीतक होते, ही शास्त्रीय प्रामाणिकपणाची गोष्ट अशा रीतीने वाङ्मयीन प्रामाणिकपणाची गोष्ट बनते.

यापुढे ‘फ्राम’चे प्रस्थान एकदा घडत नाही, पुनःपुन्हा घडते. लार्विक, बर्गन, ट्रॉन्डहाइम, ट्रॉम्सो, वार्दो अशी किनाऱ्याकिनाऱ्याने जहाजाची वाटचाल होते आणि ठिकठिकाणी निरोप दिला जातो. ट्रॉम्सोला बर्न्ट बेंटसेन नावाचा माणूस सकाळी बोलणे करण्यासाठी जहाजावर येतो आणि दीड तासाने जहाजाबरोबर निघून जातो. जेमतेम निरोपापुरता वेळ मिळालेला हा या जहाजावरील तेरावा माणूस. २१ जुलैला वार्दोचा किनारा सुटतो तो पहाटे, गाव झोपेत असताना. क्रिस्तियानियाच्या गर्दीत जे गंभीर होऊ शकले नव्हते ते येथील शांततेत होते. पुढे खाबारोव्हा येथे ३४ कुत्री जहाजावर येतात आणि सायबेरियाच्या किनाऱ्याने प्रवास सुरू होतो. अखेर २२ सप्टेंबर रोजी, सुमारे ७८ अंश ५० मिनिटे उत्तर अक्षांशावर, ‘फ्राम’ हिमतटाला बांधले जाते आणि लवकरच गोठते. सुकाणू वर ओढून घेतात. यंत्र सुटे करून ठेवतात.

या सफरीचे खरे प्रस्थान हे आहे. जहाज थांबते तेव्हा प्रयोग सुरू होतो. क्रिस्तियानियापासून येथवरचे तीन महिने म्हणजे केवळ प्रस्थान ठेवणे होते. देहाने निघणे म्हणजे स्वतःची गती सोडून बर्फाच्या गतीच्या स्वाधीन होणे. ‘फ्राम’ या शब्दाचा अर्थ ‘पुढे’. हे नाव धारण करणाऱ्या जहाजाचे निघणे थांबण्याने सिद्ध व्हावे, या विसंगतीवर नान्सेन कोणतेही भाष्य करीत नाहीत. सरळ पुढे न जाणाऱ्या, कधी कधी मागेही सरकणाऱ्या बर्फाच्या नोंदी मात्र ते महिनोन्महिने देत राहतात.

त्या नोंदींत स्वतःच्या चुकाही आहेत. ध्रुवसमुद्र उथळ असावा असा नान्सेन यांचा समज होता. म्हणून खोली मोजण्याची दोरी त्या बेताने घेतलेली होती. समुद्र ३००० मीटरांहून खोल निघाला आणि पोलादी केबल उलगडून तिच्या तारांची नवी दोरी वळावी लागली. बर्फ वाऱ्याच्या नेमक्या दिशेने न वाहता तिच्या उजवीकडे २० ते ४० अंश सरकतो, हे निरीक्षणही याच काळातले. त्याची गणिती उपपत्ती पुढे एकमन या स्वीडिश शास्त्रज्ञाने मांडली. मुख्य गृहीतक खरे ठरले आणि सोबत घेतलेले एक खोटे ठरले. ग्रंथात दोहोंना जागा मिळते.

५

याच ग्रंथात प्रस्थानाच्या प्रश्नाला सर्वांत थेट भिडणारा प्रसंग मात्र आरंभी येत नाही, तो पुढे येतो. जहाज ध्रुवावरून जाणार नाही हे दिसू लागल्यावर नान्सेन जहाज सोडून कुत्र्यांच्या गाड्यांनी उत्तरेकडे जाण्याचे ठरवितात. बरोबर एकच माणूस नेता येणार. निवड यालमार योहान्सेन याची होते. हा माणूस ‘फ्राम’वर आला तो भट्टीवरचा कामगार म्हणून, कारण दुसरी जागा उरली नव्हती. नान्सेन त्याच्यापुढे धोके मांडतात आणि विचार करावयास वेळ घ्यावा असे सुचवितात; योहान्सेन वेळ नको म्हणतो आणि होकार देतो. वॉल्टनच्या जहाजावर ‘नको’ म्हणण्याचा प्रसंग बर्फात कोंडले गेल्यावर आला. येथे ‘हो’ की ‘नको’ हे निघण्यापूर्वी विचारले जाते. संमती विचारली जाण्याचा हा क्षण वृत्तांतात नोंदला जाणे ही सामान्य गोष्ट नाही. १४ मार्च १८९५ रोजी, आधीचे दोन प्रयत्न फसल्यावर, ते दोघे निघाले. ८६ अंश १४ मिनिटांपर्यंत ते पोचले आणि ‘फ्राम’कडे परत न जाता फ्रान्झ जोसेफ बेटांवर एक हिवाळा काढून १८९६ मध्ये परतले. १३ ऑगस्ट १८९६ रोजी नान्सेन वार्दोला उतरले. त्याच दिवशी ‘फ्राम’ बर्फातून मोकळे झाले.

तरीही संमती विचारणारा आणि देणारा यांचे स्थान समान नव्हते, हे विसरता येत नाही. योहान्सेन यांनी १८९८ मध्ये स्वतःचा ग्रंथ लिहिला. त्याचे नॉर्वेजियन शीर्षक ‘८६ अंश १४ मिनिटांवर दोघांतला एक’ अशा अर्थाचे आहे. नान्सेन यांच्या ग्रंथाचे शीर्षक जहाजाचे आणि समुद्राचे नाव घेते. योहान्सेन यांचे शीर्षक दुसऱ्या माणसाची गणती केल्याशिवाय स्वतःला उभे करू शकत नाही. १९१३ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. सफरवृत्तांत परतण्यापाशी संपतात. बरोबर नेलेल्या माणसाचे पुढे काय होते हा प्रश्न त्यांच्या चौकटीबाहेर राहतो.

तसाच दुसरा मौनाचा भाग एव्हा नान्सेन यांचा. त्या गायिका होत्या. ‘फ्राम’ पाण्यात लोटले गेले तेव्हा नामकरण त्यांनी केले होते. अर्पणपत्रिकेत त्यांचे नाव नाही. नामकरण आणि मागे राहण्याचे धैर्य, या दोन गोष्टींवरून वाचकाने त्यांना ओळखावयाचे आहे. राहणे ही निष्क्रियता नाही, तेही एक कृत्य आहे, हे नान्सेन यांनी ग्रंथाच्या पहिल्याच पानावर मान्य केले, ही त्यांची दृष्टी. त्या कृत्याचे वर्णन मात्र ग्रंथात नाही, ही त्या दृष्टीची मर्यादा. मार्गारेटचे उत्तर जसे नाही, तसेच एव्हा यांचेही नाही. एमा डी लाँग यांचा हस्तक्षेप वृत्तांतात शक्य झाला तो निघणारा परत न आल्यामुळे.

प्रस्थानाने विचाराच्या स्वरूपात काय फरक पडतो हे पाहण्यासाठी एक मराठी संदर्भ उपयोगी आहे. महाराष्ट्रातील वाचकाला आर्क्टिक प्रदेशाची ओळख होते ती बहुधा लोकमान्य टिळकांच्या १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या इंग्रजी ग्रंथामुळे. त्याचा पहिला खर्डा टिळकांनी १८९८ च्या अखेरीस, तुरुंगातून सुटल्यानंतर, लिहिला. दीर्घकाळ रेंगाळणारी उषा, अनेक महिन्यांची रात्र असे वैदिक सूक्तांतील उल्लेख जुळवून त्यांनी आर्यांच्या मूलस्थानाविषयी आपला तर्क मांडला. पुढील संशोधनाने तो स्वीकारला नाही. पण येथे महत्त्वाचे ते वेगळे आहे. तो तर्क पूर्णपणे संहितांच्या आधारे तपासला गेला आणि संहितांच्या व इतर पुराव्यांच्या आधारेच बाजूला पडला; त्यासाठी पुण्याहून कोणाला हलावे लागले नाही आणि तो चुकला म्हणून कोणी लेना नदीच्या मुखापाशी मेले नाही. ‘जेनेट’च्या तर्काला ही सवलत नव्हती. तर्काची मांडणी दोन्हीकडे सारखीच बुद्धिमान असू शकते. परंतु ज्या तर्काला प्रस्थानाचे प्रकरण लागते, त्याच्या मांडणीत आणखी एका जबाबदारीची भर पडते, आणि ती जबाबदारी तर्कशास्त्राची नसून निवेदनाची असते.

६

२० सप्टेंबर २०१९ रोजी ट्रॉम्सोहून ‘पोलारश्टेर्न’ हे जर्मन हिमभेदक जहाज निघाले. ‘मोझाइक’ या आंतरराष्ट्रीय मोहिमेने नान्सेन यांचा प्रयोग जाणीवपूर्वक पुन्हा केला : जहाज बर्फाला बांधावयाचे आणि वाहत जावयाचे. या वेळी प्रवाह आहे की नाही हा प्रश्न नव्हता. विरळ होत चाललेल्या बर्फाचे काय होत आहे हा प्रश्न होता. जुलै २०२० च्या अखेरीस, नान्सेन यांच्या जहाजाचेच नाव असलेल्या सामुद्रधुनीत, ज्या हिमतटावर मोहिमेची छावणी होती तो फुटला.

या मोहिमेत प्रस्थानाच्या जुन्या रचनेतील एक गोष्ट उलटली. बर्फात गेलेल्यांना निघताना माहीत असलेले जग ते तेथे असतानाच बदलले. २०२० च्या वसंतात महासाथ पसरली, माणसांची ठरलेली अदलाबदल अडली आणि मे महिन्यात जहाजाला हिमतट सोडून स्वालबार्डजवळ दुसऱ्या जहाजांची गाठ घ्यावी लागली. चिंता करणारे बर्फात होते आणि ज्यांची चिंता करावयाची ते घरी होते. मार्गारेट, एमा आणि एव्हा यांच्या वाट्याला आलेले न कळण्याचे ओझे, काही आठवडे का होईना, निघालेल्यांच्या वाट्याला आले.

भारताचा या समुद्रांशी संबंध आता केवळ ग्रंथांचा राहिलेला नाही. ऑगस्ट २००७ मध्ये पहिली भारतीय शास्त्रीय तुकडी आर्क्टिकला गेली. १ जुलै २००८ रोजी स्वालबार्डमधील न्यू-ओलेसुंद येथे ‘हिमाद्री’ हे संशोधनकेंद्र सुरू झाले, आणि डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्यातील अंधारातही भारतीय शास्त्रज्ञ तेथे राहू लागले. या कामाची सूत्रे गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहेत. ‘हिमाद्री’चा अक्षांश ७९ अंशांच्या किंचित आत आहे, ‘फ्राम’ गोठले तो अक्षांश जवळजवळ हाच. वास्कोहून तेथे जाणारा माणूस विमानाने जातो आणि पोचल्याचा निरोप त्याच दिवशी घरी येतो. शास्त्रीय अहवालाच्या संकेतानुसार अशा प्रस्थानाला एक तारीख पुरते.

ती तारीख पुरेशी आहे काय, हा प्रश्न समीक्षेने विचारावयाचा आहे. धोका कमी झाला म्हणून गृहीतक देहावर ठेवले जाण्याची घटना नाहीशी होत नाही. ती लिहिली गेली नाही तर ती घडतच नाही असा समज दृढ होतो. वॉल्टन, डी लाँग आणि नान्सेन यांच्या संहिता एकत्र वाचल्या असता असे दिसते की प्रस्थानाचे प्रकरण हा शास्त्रीय वृत्तांतातील भावनेचा अवांतर भाग नव्हे. आपला तर्क कोणाच्या जिवावर तपासला जाणार आहे, त्याला विचारले होते काय आणि मागे कोण राहिले, याचा हिशेब लेखकाने याच प्रकरणात द्यावयाचा असतो. नान्सेन यांनी तो अर्धा दिला. खिडकीतील मुलगी आली, बेंटसेनचा दीड तास आला, योहान्सेनचा होकार आला. एव्हा यांचा शब्द आला नाही. उरलेला अर्धा हिशेब ज्या वृत्तांतात येईल, त्याचे प्रस्थान निघणाऱ्याबरोबरच राहणाऱ्याच्याही हातून लिहिले गेलेले असेल.